ठेकेदार बदलला म्हणून पीएफ काढू नका

मार्च 2023 मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत राज्यातले सरकारी कर्मचारी संपावर गेले. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांची ती मागणी रास्तच होती. पण त्याच कार्यालयांत झाडू मारणाऱ्या, डेटा एन्ट्री करणाऱ्या कंत्राटी पोरांच्या म्हातारपणावर फारसं कुणी बोललं नाही. आपल्या वस्त्यांत आजही कित्येक घरं आजोबांच्या पेन्शनवर चालतात आणि नातू ठेकेदाराकडे राबतो. कायम पदं आटली, तसं आरक्षणही आटलं आणि पेन्शनही.

माझ्या ओळखीचा एक सफाई कामगार. 9 वर्षांत तीन ठेकेदार झाले. प्रत्येक वेळी त्याने पीएफची सगळी रक्कम काढली, एकदा बहिणीच्या लग्नासाठी, एकदा घरभाड्याच्या डिपॉझिटसाठी. गरज खरी होती, दोष कसा देणार? पण पीएफसोबत पेन्शनचेही पैसे काढले की तोवरची सेवा पुसली जाते. पेन्शनला 10 वर्षं लागतात. त्याची आज शून्य.

पगार 15,000 धरला तर मालकाच्या 12 टक्क्यांतले 8.33 टक्के, म्हणजे जवळपास 1,250 रुपये, दर महिना पेन्शन योजनेत जातात. 10 वर्षं भरली तर 58व्या वर्षापासून महिना सुमारे 2,143 रुपये. फार नाहीत, पण हक्काचे आहेत. म्हणून ठेकेदार बदलला तरी यूएएन नंबर तोच ठेवा, जुनं खातं नव्यात वर्ग करा. मालकाचा हिस्साही तुमच्याच पगारातून कापला जात असेल तर ते बेकायदा आहे. ठेकेदाराने पैसे भरलेच नाहीत, तर जबाबदारी काम देणाऱ्या मूळ संस्थेवर येते.

पीएफच नसेल तर 40 वर्षांच्या आत अटल पेन्शन योजना आहे. 5,000 रुपयांच्या पेन्शनसाठी 18व्या वर्षी महिना 210 रुपये, 40व्या वर्षी 1,454. मात्र ही रक्कम महागाईबरोबर वाढत नाही. महागाई 6 टक्के धरली तर आज 18 वर्षांच्या मुलीला साठीत मिळणाऱ्या 5,000 ची किंमत आजच्या साडेचारशेहून कमी असेल. जाहिरातीत हे सांगत नाहीत. हप्त्यासाठी वेगळं जनधन खातं ठेवा, त्याला किमान शिल्लक लागत नाही. फक्त हप्त्याच्या तारखेला पैसे असू द्या, नाहीतर दंड बसतो.

येत्या रविवारी आम्ही विहारात मोबाइल घेऊन बसतोय. उमंग ॲपवर प्रत्येकाचं पीएफ पासबुक उघडून बघायचं, कोणत्या महिन्यांचे पैसे भरलेले नाहीत ते लिहून काढायचं. तक्रारीचा अर्ज तिथेच भरू.