खाली बघू नका, वन्सं

शाळेत केशवसुतांची ‘झपूर्झा’ शिकवून झाल्यावर बाईंनी फळ्यावर ‘आत्मशोध’ असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. परीक्षेत मी तेच लिहिलं. गुण मिळाले आणि कविता मिटली.

ती उघडली गेल्या श्रावणात, भाचीच्या मंगळागौरीला. वहिनीनं मला फुगडीला ओढलं. पहिले दोन फेर माझं सगळं लक्ष माझ्यावरच: गुडघा धरेल ना, पदर सुटला का, कोण हसतंय. पाय अडखळत होते. वहिनी ओरडली, “खाली बघू नका, वन्सं! मागं रेला!” मी रेलले, आणि पुढचा मिनिटभर मी कुठं होते, कोण जाणे.

झिम्मा खेळणाऱ्या पोरींचं ‘जा पोरी जा’ भरभर म्हणताना जे होतं, ते झपूर्झा. 1893 सालच्या या कवितेचं नाव असं खेळातून आलेलं आहे. केशवसुत म्हणजे मालगुंडचा एक शाळामास्तर. तो मनाच्या सर्वांत गूढ अवस्थेसाठी शब्द शोधतो आणि तो त्याला पोथीत मिळत नाही, पोरींच्या घोळक्यात मिळतो! हर्ष-खेद ओसरलेले, अश्रू सुकलेले. लोक ज्याला वेड म्हणतील अशी ती तंद्री. स्वतःवरची पाळत उठल्याशिवाय ती लागत नाही.

म्हणून ‘आत्मशोध’ हा शब्द मला आता जरा खटकतो. शोध म्हटलं की हरवलेल्या किल्ल्या आठवतात. वस्तू तयारच आहे, फक्त सापडायची आहे. केशवसुतांच्या कवितेत मात्र माहीत असलेल्याला कुंपण आहे. जाणिवेची वीज ते ओलांडून जाते. पलीकडे भुई आहे, पण पडीक. ती नांगरणारा हजारांत एखादा. म्हणजे तिथं ‘मी’ आयता पडलेला नाही. नांगराल तेवढाच उगवेल.

केशवसुत 1905 मध्ये गेले, चाळिशीही न गाठता. मागं राहिलेल्या कविता सव्वाशेच्या थोड्या पुढं. पण त्यांच्या नांगराची तास मराठी कवितेत आजही दिसते.

माझं म्हणाल, तर दुसऱ्या दिवशी पोटऱ्या भरून आल्या होत्या. वहिनी तेल घेऊन आली आणि म्हणाली, “सवय नाही ना!” खरंच होतं. कुंपणावरून एकदा उडी पडली होती. नांगराला अजून हात लागायचा होता.