तिथीला जामीन कोण?

‘मोबाइलमध्ये सगळं असतं, कॅलेंडर छापणाऱ्यांचा धंदा आता बसणार,’ हे दर डिसेंबरात ऐकू येतं आणि दर वेळी तितकंच खटकतं. नुसत्या तारखेसाठी कुणी भिंतीला खिळा ठोकला नव्हता. कॅलेंडर लागतं ते तिथीसाठी, आणि तिथी सांगणाऱ्याला चुकीचा जाब द्यावा लागतो. पंचांग-कॅलेंडर काढणारी घराणी टिकली ती त्या जबाबदारीवर. चित्रांच्या धंद्याशी ताडून पाहा. राजा रविवर्म्याने 1894 साली मुंबईत छापखाना काढला, त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या, पोस्टकार्डांवर नि कॅलेंडरांवरही आल्या. तरी थोड्याच वर्षांत कर्जापायी तो छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. गाजलेलं चित्र कुणीही उचलून छापतो. पंचांगाचं गणित मात्र दर वर्षी नव्याने मांडावं लागतं. सोलापूरच्या दात्यांचं पंचांग शंभर वर्षं उलटूनही त्याच घरात आहे. जयंतराव साळगावकरांनी 1973 साली काढलेलं ‘कालनिर्णय’ 2013 मध्ये ते गेल्यावरही कुटुंबाच्याच हाती राहिलं.

गणित तर संगणकही करतो, असं कुणी म्हणेल. करतो, आणि अचूक करतो. पण प्रश्न गणित संपल्यावर सुरू होतो. तिथी दोन दिवसांत विभागली गेली, तर व्रत कोणत्या दिवशी धरायचं? संकष्टीला चंद्रोदयाची चतुर्थी पाहतात, गणेश चतुर्थीला मध्यान्हीची, महाशिवरात्रीला मध्यरात्रीची चतुर्दशी. शिवाय हे सगळं गावागणिक बदलतं. इंदूर मुंबईच्या पूर्वेला सुमारे तीन अंशांवर, म्हणजे स्थानिक वेळेत बारा मिनिटांचा फरक. एखादी तिथी नेमकी दोन्हीकडच्या सूर्योदयांच्या मधे संपली, तर दोन शहरांत त्या दिवसाची तिथीच वेगळी होते. तिथे शास्त्र जाणणारा आणि आपलं नाव पणाला लावणारा माणूस लागतो.

इंदूरहून महू ओलांडून आग्रा-मुंबई रस्त्याने मानपूरला या, की गुंता आणखी वाढतो. माळव्याच्या या भागात जबलपूरच्या लाला रामस्वरूप यांच्या पंचांगाचा दबदबा. इथले महिने पौर्णिमेला संपतात, आपले अमावास्येला. त्यामुळे जन्माष्टमीचा दिवस एकच, पण मराठी कॅलेंडरच्या चौकटीत श्रावण वद्य अष्टमी आणि हिंदीच्या चौकटीत भाद्रपद कृष्ण अष्टमी. श्रावण तर इथे पंधरवडाभर आधीच लागतो, म्हणजे हिंदी शेजारीण पहिला श्रावणी सोमवार धरते तेव्हा मराठी घरात आषाढच चालू असतो. माळव्यातल्या मराठी गृहिणीला म्हणूनच दोन्ही कॅलेंडरं लागतात, आणि तिला ते ओझं वाटत नाही.

मग सरकारनेच सगळ्यांसाठी एक पंचांग का ठरवू नये? ठरवून झालं आहे. मेघनाद साहा समिती 1952 मध्ये नेमली गेली आणि 22 मार्च 1957 पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. राष्ट्रीय पंचांगाच्या गणितासाठी अक्षांश उज्जैनचा धरला, म्हणजे या माळव्याचाच. काम अभ्यासपूर्ण होतं, पण सणवारासाठी घरांनी ते स्वीकारलं नाही, कारण सासरची रीत आणि माहेरची रीत राजपत्राने एक होत नाही. त्यापेक्षा मराठी प्रकाशकांनी माळव्यासाठी वेगळी आवृत्ती काढावी आणि वद्य पक्षाच्या प्रत्येक चौकटीत दोन्ही महिन्यांची नावं शेजारी शेजारी छापावीत. एवढ्या जागेसाठी एखादी जाहिरात कमी झाली तरी चालेल.