हजेरीचा अर्थ

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासजवळच्या सिंगपेरुमल कोइल या लहानशा रेल्वे स्थानकाच्या फलाटावर उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी अखेरचा श्वास घेतला. पाँडिचेरीकडे निघालेल्या खाँसाहेबांना गाडीतच अस्वस्थ वाटू लागले म्हणून ते वाटेत उतरले. फलाटावर अंथरूण घातले गेले, तंबोरा जुळवला गेला, त्यांनी सुरांतूनच ईश्वराचे स्मरण केले आणि थोड्याच वेळात सारे संपले. त्यांचा देह मिरजेस आणून ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आला. जन्म उत्तरेकडील कैराना गावचा, मृत्यू तमिळ मुलुखात, परंतु माती लाभली ती कृष्णाकाठच्या मिरजेची. या घटनेला आता आठ दशकांहून अधिक काळ लोटला आहे. तरीही दरवर्षी उरुसात देशभरातील गायक-वादक या दर्ग्यात येतात आणि खाँसाहेबांच्या स्मृतीस आपली कला अर्पण करतात. या अर्पणाला मिरजेत ‘हजेरी’ असा साधा शब्द आहे. हा शब्द नीट समजून घेणे आज आपल्या कार्यकर्त्यांनाही अगत्याचे झाले आहे, असे आम्हांस वाटते.

थोर माणसांचे स्मरण करण्याच्या ज्या रीती आपल्याकडे रूढ आहेत, त्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. पुतळा उभारावा, चौकाला नाव द्यावे, हार घालावा, दोन भाषणे व्हावीत आणि वर्षभर त्या माणसाला विसरून जावे. राजकीय पक्ष या दोषातून मुक्त नाहीत, आपणही नाही. दर्ग्यातील हजेरीची रीत याहून निराळी आहे. तेथे खाँसाहेबांविषयी बोलून भागत नाही, तेथे गावे लागते. आणि ख्याल गाणे म्हणजे पाठ केलेले म्हणून दाखवणे नव्हे. बंदिशीचे शब्द दोन-चार ओळींचे. त्यापुढची आलापी, बढत, उपज हे सारे गायकाने त्या क्षणी, त्या श्रोत्यांसमोर नव्याने घडवायचे असते. रागाचे नियम मोडायचे नाहीत आणि कालचेच आज पुन्हा गायचे नाही, अशी ही दुहेरी जबाबदारी आहे. म्हणून खाँसाहेबांची हुबेहूब नक्कल करणारा गायक त्यांचे स्मरण करीत नाही. त्यांच्या स्वराची आस मनात धरून जो स्वतःचे काही सांगतो, तोच त्यांची खरी आठवण जागवतो.

जगातील दुसऱ्या एका मोठ्या संगीतपरंपरेचाही असाच अनुभव आहे. अमेरिकेतील काळ्या जनतेने गुलामगिरीच्या वारशातून घडवलेल्या जाझ संगीतातही उत्स्फूर्त वादनालाच मान असतो. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर १२ मार्च १९५५ रोजी अवघ्या ३४ व्या वर्षी वारला, तेव्हा न्यूयॉर्कच्या भिंतींवर चाहत्यांनी तो जिवंत असल्याची वाक्ये रंगवली. तो जिवंत राहिला तो मात्र भिंतींमुळे नव्हे. त्याच्यानंतर आलेल्या शेकडो वादकांनी त्याची वाट स्वतःच्या पायांनी पुढे नेली म्हणून. मिरजेची हजेरी आणि न्यूयॉर्कची ती भिंत यांच्यामागील भावना एकच आहे.

खाँसाहेबांनी स्वतः तरी काय केले? ते किराना परंपरेचे वारस होते. पण वारशावर बसून राहिले नाहीत. दक्षिणेच्या दौऱ्यांत त्यांनी कर्नाटक संगीत मन लावून ऐकले, तेथील सरगमची पद्धत आपल्या गायकीत मुरवली आणि त्यागराजांची एक कृती ध्वनिमुद्रित करण्यापर्यंत मजल मारली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमेंट्स यांच्या श्रुतिसंशोधनाला त्यांनी आपल्या कंठाचे साहाय्य दिले. १९१० नंतरच्या दशकात पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालवले. त्यांच्या शिष्यांत कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजेच सवाई गंधर्व, होते; बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी होते; रोशनआरा बेगम होत्या. झिंझोटीतील त्यांच्या ठुमरीची तबकडी ऐकून गदगचा एक मुलगा गाण्याच्या ध्यासाने घर सोडून निघाला. तोच पुढे भीमसेन जोशी म्हणून देशाला ठाऊक झाला. सवाई गंधर्व १९५२ साली निवर्तले आणि १९५३ पासून भीमसेनांनी पुण्यात गुरूच्या नावाने महोत्सव सुरू केला. भीमसेन, गंगूबाई हनगल, हिराबाई बडोदेकर यांनी मिरजेच्या दर्ग्यातही हजेरी लावली. एका स्मरणातून दुसरे स्मरण जन्माला येते, ते असे.

याचा अर्थ खाँसाहेबांना देव्हाऱ्यात बसवावे असा नाही. संस्थानिकांच्या आश्रयावर वाढलेल्या कलेच्या साऱ्या मर्यादा त्यांच्या काळालाही होत्या. घरातही सारे सुरेल नव्हते. पत्नी ताराबाई १९२२ च्या सुमारास पाच मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. हिराबाई, सुरेशबाबू माने, सरस्वती राणे ही मुले आईच्या छायेत वाढली. या भगिनी मराठी स्त्रीच्या सार्वजनिक गायनाच्या अग्रभागी उभ्या राहिल्या, यामागे ताराबाईंचे कष्ट आहेत; खाँसाहेबांचे स्मरण करताना त्यांचे नाव गाळणे अन्यायाचे ठरेल.

सातारा आणि सांगली हे एकेकाळी एकाच जिल्ह्याचे भाग. या मुलुखात स्मरणाची आणखी एक जागा आहे. खटाव तालुक्यातील औंध येथे अंतुबुवा जोशी यांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० साली संगीतोत्सव सुरू केला. अंतुबुवांचे संगीतातील गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. बुवांचे गुरू वासुदेवबुवा जोशी. आणि वासुदेवबुवांची विद्या ग्वाल्हेरच्या हद्दू-हस्सू खाँची. म्हणजे औंधच्या उत्सवात जे गायले जाते त्याचे मूळ मुसलमान उस्तादांच्या घरी, आणि मिरजेच्या दर्ग्यात जे गायले जाते ते फुलवणाऱ्यांत सवाई गंधर्व आणि भीमसेन. ही सरमिसळ कोणी ठराव करून घडवलेली नाही. पिढ्यान्‌पिढ्या माणसे एकमेकांसमोर मांडी घालून बसली, त्यातून ती झाली.

आणि तरीही याच मिरजेत सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवात एका कमानीवरील चित्राच्या निमित्ताने दंगल पेटली आणि तिची झळ सांगली-इचलकरंजीपर्यंत पोहोचली. औंध ज्या तालुक्यात आहे त्याच खटाव तालुक्यातील पुसेसावळीत सप्टेंबर २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरील मजकुरावरून जमाव चालून गेला आणि एका मुसलमान तरुणाचा जीव गेला. मग या संगीताचा उपयोग काय झाला, असा प्रश्न कोणी विचारला तर तो टाळता येणार नाही. संगीत दंगल थांबवीत नाही, हे कबूल केलेच पाहिजे. वर्षातून एकदा एकत्र बसणारी माणसे उरलेले दिवस कोठे भेटतात, कोणाच्या दुकानातून काय घेतात, कोणाच्या सुखदुःखाला जातात, यावर शांतता अवलंबून असते. तो रोजचा सहवास सांभाळणे हे गायकाचे काम नव्हे. ते आपले, कार्यकर्त्यांचे काम आहे. त्यात आपण कमी पडलो.

मात्र एकत्र बसण्याची जागाच उरली नाही, तर हे कामही अशक्य होईल. म्हणून दर्ग्याच्या त्या अंगणाचे मोल मोठे आहे. उरुसाचा पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो, ही तेथील जुनी परंपरा आहे. एका दिवसाच्या मानाने वर्षभराची जातीयता संपत नाही. पण ज्या अंगणात चर्मकाराचा गलेफ पहिला चढतो आणि कानडी, मराठी, हिंदी गायक एकाच कबरीसमोर गातात, ते आपल्या सार्वजनिक जीवनातील एक दुर्मीळ स्थळ आहे.

या अंगणाबाहेरही एक मोठी माणुसकी राबते आहे, आणि तिच्याकडे कौतुकाच्या लेखांत कोणी पाहत नाही. गायक ज्या तंबोऱ्याच्या आधाराने गातो, तो मिरजेच्या कारागिराने घडवलेला असतो. पूर्वी शस्त्रांचे काम करणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात भोपळा आणि लाकूड हाती घेतले आणि मिरजेचा तंबोरा-सतार देशभर नावाजली. २०२४ साली या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचे स्वागतच आहे. परंतु मानांकनाच्या कागदाने चूल पेटत नाही. विजेवर चालणाऱ्या यंत्रतंबोऱ्याने मागणी घटवली आणि महिनोन् महिने खपून होणाऱ्या कामाकडे तरुण मुले पाठ फिरवू लागली. कच्चा माल, कर्ज, विमा, म्हातारपणीचे वेतन यांची तजवीज झाल्याखेरीज हा धंदा टिकणार नाही. खाँसाहेबांची कबर राहील, पण तिच्यासमोर जुळवायला तंबोरा राहील की नाही, हा खरा प्रश्न आहे. कारागिरांच्या या मागण्या आपल्या कामगार आघाडीने आपल्या मानल्या पाहिजेत.

येत्या उरुसात आपल्या सातारा-सांगलीच्या कार्यकर्त्यांनी मिरजेस जावे. झेंडा न घेता, भाषण न करता, सतरंजीवर इतर श्रोत्यांत बसावे. रात्र सरेपर्यंत ऐकावे आणि सकाळी सतारमेकर गल्लीत जाऊन कारागिरांशी बोलावे. गायकांनी आपली हजेरी आजवर चुकवलेली नाही. आपली मात्र लागायची आहे.