टेस्टर शेवटच्या आठवड्यातच का आठवतो?

शुक्रवारी रिलीज आहे आणि सोमवारी कुणीतरी विचारतं, "अरे, ॲक्सेसिबिलिटीचं काय?" मग एका टेस्टरला चार दिवसांसाठी उसना आणतात. न पाहता, न ऐकता किंवा माऊस न धरता हे ॲप वापरता येईल का, ते त्याने बघायचं. तो बिचारा दीडशे बगची एक्सेल शीट पाठवतो. दहा दुरुस्त होतात, बाकीचे 'पुढच्या रिलीजला'. म्हणजे कधी, ते तुम्हाआम्हाला ठाऊक आहेच :-)

माझं म्हणणं सरळ आहे. हा माणूस डिझाइनच्या पहिल्या मीटिंगला हवा. आणि शक्यतो रोज स्क्रीन रीडरवरच काम करणारा हवा.

३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने प्रज्ञा प्रसून प्रकरणात निकाल दिला. (सोबत अमर जैन यांची याचिका होती, ते स्वतः दृष्टिहीन वकील.) भानगड होती डिजिटल केवायसीची. चेहरा चौकटीत आणा, पापण्या मिटा, असं ॲप सांगतं. ज्याला चौकटच दिसत नाही, किंवा ॲसिड हल्ल्यामुळे जिच्या पापण्या मिटतच नाहीत, त्यांनी काय करायचं? तपासायचं काय होतं, तर समोर जिवंत माणूस आहे की फोटो. त्यासाठी पापणीच कशाला, असं विचारणारं डिझाइनच्या वेळी कुणी नव्हतं, दुसरं काय!

डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं कोर्टाने म्हटलं आणि २० निर्देश दिले. त्यातला एक आपल्या धंद्याला थेट लागू आहे: नवं ॲप किंवा फीचर आणताना युजर ॲक्सेप्टन्स टेस्टिंगमध्ये अंध व्यक्तींना सामील करा. चांगलंच आहे. पण मला विचाराल तर तोवरही उशीर झालेला असतो. पापणीचा कोड तेव्हा लिहून तयार असतो ना.

"टूल आहे की आपल्याकडे," हे ठरलेलं उत्तर. चित्राला वर्णन आहे का, एवढं टूल सांगतं. वर्णनात 'आयएमजी ००३४' लिहिलं तरी ते खूष! मराठीत तर गंमतच. पान जुन्या फॉन्टमध्ये असेल तर डोळ्यांना सुंदर देवनागरी, आत रोमन अक्षरांची खिचडी; स्क्रीन रीडर ती खिचडीच वाचतो. स्कॅन केलेली पीडीएफ असेल तर शांतता. एनव्हीडीए फुकट मिळतो, तेव्हा खर्चाचं कारण नको. पण आपण तो दहा मिनिटं लावतो आणि बघत असतो स्क्रीनकडेच! रोज वापरणारा 'एच' दाबत मथळ्यांवरून उड्या मारतो, कुठे अडकतो ते त्यालाच कळतं.

आमच्या कन्नडला (भाषा नव्हे हो, संभाजीनगर जिल्ह्यातला तालुका) माझे एक काका आहेत, काचबिंदूने नजर गेलेले. त्यांचं बँकेचं ॲप 'अनलेबल्ड, बटन' एवढंच बोलतं. म्हणून पिन शेजारच्या पोराला सांगतात. पोरगा गुणी आहे, पण पिन ही काय सांगायची गोष्ट आहे?

तीन जणांच्या स्टार्टअपला पूर्णवेळ माणूस परवडणार नाही, मान्य. मग दर स्प्रिंटला दोन दिवस बोलवा, पण पैसे देऊन. 'जरा फीडबॅक द्या ना' असं फुकटात नको. आणि त्याने थांबा म्हटलं तर रिलीज थांबली पाहिजे.

पुढच्या महिन्यात आमच्याकडे लॉगिनचं डिझाइन बदलतंय. मीटिंगच्या निमंत्रणात मी टेस्टरचं नाव घातलंय. मॅनेजरचा मेल आला, "इतक्या लवकर कशाला?"