‘रुस्तम’: एका नावाच्या अर्थाचा वाद

सुरतेच्या पारशी घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या ठेवले गेलेले ‘रुस्तम’ हे नाव, बाळांच्या नावांचे अर्थ सांगणाऱ्या पुस्तकांत ‘पहिलवान’ किंवा ‘शूर’ एवढ्यावर उरकले जाते. ज्यांचे तेवढ्याने समाधान होत नाही ते शाहनामा या फारसी वीरकाव्यातील नायक रुस्तमच्या जन्मकथेचा दाखला देतात, आणि धर्मनिष्ठ मंडळी त्याला जरथुष्ट्री धर्माच्या आद्य वारशात बसवतात. ही तिन्ही मते एकाच नावाविषयी असली तरी ती एकाच प्रश्नाची उत्तरे नाहीत, आणि हे ध्यानात न घेतल्यामुळेच या वादात निष्कारण गुंता झाला आहे.

प्रथम जन्मकथा घेऊ. इ. स. 1010 च्या सुमारास पूर्ण झालेल्या शाहनाम्यात कवी फिर्दौसी सांगतो की, गर्भ अतिशय मोठा असल्याने रुस्तमची आई रुदाबा प्रसूतिवेदनांनी बेशुद्ध पडली, सीमुर्ग या अद्भुत पक्ष्याच्या सल्ल्यावरून तिची कूस चिरून मूल बाहेर काढण्यात आले, आणि शुद्धीवर येताच ती ‘रस्तम’, म्हणजे ‘मी सुटले’, असे म्हणाली म्हणून मुलाचे नाव रुस्तम पडले. कथा सुरेख आहे. व्युत्पत्ती मात्र टिकणारी नाही. ‘सुटणे’ या अर्थाच्या फारसी क्रियापदात ‘र’नंतर ऱ्हस्व ‘अ’ आहे, तर इस्लामपूर्व इराणच्या पहलवी भाषेत, म्हणजे प्राचीन फारसी आणि आधुनिक फारसी यांच्या मधल्या टप्प्यावरील भाषेत, हे नाव ‘रोस्तहम’ असे आढळते. त्यातला ‘ओ’ आणि शेवटाजवळचा ‘ह’ या दोहोंचा उलगडा ‘रस्तम’वरून होत नाही. शिवाय सातव्या शतकात कादिसियाच्या लढाईत अरबांशी लढताना पडलेल्या इराणच्या सासानी सेनापतीचे नावही रुस्तमच होते, म्हणजे फिर्दौसीच्या आधी निदान साडेतीन शतके ते नाव हयात माणसांना दिले जात होते. आधी नाव होते आणि त्याचा मूळ अर्थ विसरला गेल्यावर ध्वनिसाम्याच्या आधाराने त्याला कथा जोडली गेली, असाच क्रम यावरून मानावा लागतो; या प्रकारालाच भाषाशास्त्रात लोकव्युत्पत्ती म्हणतात.

मग मूळ कोणते? नावाचा उत्तरार्ध अवेस्ती, म्हणजे अवेस्ता या जरथुष्ट्री धर्मग्रंथाच्या भाषेतील, ‘तख्म’ (शूर, बळकट) या शब्दापासून आला, याविषयी अभ्यासकांत फारसा मतभेद नाही, कारण तोच अंश रुस्तमच्या पत्नीच्या ‘तहमिना’ या नावात, ‘शूर घोड्यांचा’ अशा अर्थाच्या ‘तहमास्प’मध्ये आणि खुद्द रुस्तमच्या ‘तहमतन’ या बिरुदात स्पष्ट दिसतो. वाद आहे तो पूर्वार्धाचा. एक पक्ष त्यात ‘वाढ, अंगलट’ या अर्थाचा शब्द पाहतो आणि ‘धिप्पाड बांध्याचा वीर’ असा अर्थ लावतो. दुसरा पक्ष ‘नदी’ या अर्थाचा शब्द मानून प्रवाहासारखे बळ सुचवतो. पहिल्याचा संबंध संस्कृत ‘रुह्’ (उगवणे, वाढणे) या धातूशी आणि दुसऱ्याचा ‘स्रोतस्’शी पोहोचतो, पण त्यावरून हे नावच संस्कृतातून गेले असे म्हणणे चुकीचे ठरेल, कारण हे शब्द एकाच प्राचीन मुळातून दोन भाषांत स्वतंत्रपणे उतरलेले, म्हणजे सजातीय, आहेत आणि भावंडाला बाप ठरवण्याची आपल्याकडील हौस येथेही आवरली पाहिजे.

‘पहिलवान’ हा अर्थ व्युत्पत्तीतून आलेलाच नाही. तो शाहनाम्यातल्या नायकाच्या चारित्र्यातून नावाला चिकटला, जसा ‘कुंभकर्ण’ म्हटले की मराठी माणसाला झोप आठवते, घागरीएवढे कान आठवत नाहीत. कोल्हापूरजवळ 28 डिसेंबर 1659 रोजी शिवाजी महाराजांनी ज्याचा पराभव केला तो विजापूरचा सरदार ‘रुस्तुम-इ-जमां’, म्हणजे ‘युगाचा रुस्तम’, या किताबाने ओळखला जाई. तेथे, तसेच कुस्तीतल्या ‘रुस्तुम-ए-हिंद’ या किताबात आणि बोलण्यातल्या ‘छुपा रुस्तुम’मध्ये, विशेषनामाचे सामान्यनाम झालेले आहे.

धार्मिक वारशाचा दावा तर याहून लंगडा आहे. उपलब्ध अवेस्तात रुस्तमचा उल्लेख नाही. उलट शाहनाम्यात ज्या राजाने जरथुष्ट्राचा धर्म स्वीकारला त्या गुश्तास्पच्या पुत्राला, धर्मवीर इस्फंदियारला, रुस्तमच ठार मारतो. तरीही पारशी समाजाने दोघांचीही नावे आपल्या मुलांना दिली. बापाच्या, म्हणजे रुस्तमच्याच, हातून नकळत मारल्या गेलेल्या सोहराबचे नावही त्याने वर्ज्य मानले नाही: गांधीजींचे डर्बनमधील सहकारी पारशी रुस्तमजी यांच्या मुलाचे नाव सोराबजी, म्हणजे सोहराबच, होते. ज्या समाजात असे नामकरण बिनदिक्कत चालते तेथे नाव ठेवताना धर्मग्रंथ किंवा कथेतील शकुन-अपशकुन यांपेक्षा पूर्वजांच्या नावांची परंपरा आणि वीरकाव्याची प्रतिष्ठा यांचेच वजन अधिक असते.

याला सुरतेचीच साक्ष पुरेशी आहे. इंग्रज कंपनीचा दलाल म्हणून सतराव्या शतकाच्या अखेरीस नावारूपाला आलेला रुस्तम माणेक (मृत्यू 1721) याचे स्वतःचे नाव इराणी, तर बापाचे ‘माणेक’ हे नाव अस्सल गुजराती, रत्नवाचक. त्याच्यावर जमशेद कैकोबाद याने फारसीत पद्य किस्सा रचला, आणि शहरातील रुस्तमपुरा हा भाग त्याच्याच नावाचा मानला जातो. पुढे व्यवहारात या नावाला गुजराती रिवाजाने ‘जी’ लागून ‘रुस्तमजी’ झाले, परंतु धर्मविधीत नाव घेताना, सामान्य अनुयायाला लावल्या जाणाऱ्या ‘बेहदीन’ या उपाधीमागे ते ‘जी’वाचून नुसते ‘रुस्तम’ म्हणून उच्चारले जाते. घरात त्याचे ‘रुसी’ होते, ज्याचा रशियाशी काडीचा संबंध नाही; सुरतेत 1924 मध्ये जन्मलेले कसोटीपटू रुसी मोदी हे पूर्ण नावाने रुस्तमजी शेरियार मोदी होते. विधीतला रुस्तम, पेढीवरचा रुस्तमजी आणि मैदानावरचा रुसी यांपैकी एकाच्याही नावात नदी किंवा अंगलट कोणाला जाणवत नाही. म्हणून भाषाशास्त्राने शोधलेले मूळ खरे असले तरी नाव ठेवणाऱ्याच्या मनातला अर्थ ते नव्हे, आणि रुदाबेचे ‘मी सुटले’ व्युत्पत्ती म्हणून खोटे असले तरी शाहनामा ऐकत वाढलेल्या कुटुंबाला नाव ठेवताना तेच आठवणार.