शेतीशाळा राज्यभर न्या, पण गट वीस-पंचवीसचाच ठेवा



झूमवरची शेतीशाळा आता आपल्याकडे नवलाची राहिली नाही. पाणी फाउंडेशनने 2022 मध्ये 39 तालुक्यांत फार्मर कप सुरू केला. गावातल्या कास्तकारांनी गट करायचा, मोबाईलवर कृषी शास्त्रज्ञांचं ऐकायचं आणि ते आपापल्या वावरात करून पाहायचं. 2025 मध्ये हे राज्यभर नेण्याचं जाहीर झालं. चांगलंच आहे. पण मोठं करायचं म्हणजे नेमकं काय वाढवायचं, हे बोललं पाहिजे. यात एक गोष्ट फुकटात वाढते आणि दुसरी काही केल्या तशी वाढत नाही.

फुकटात वाढते ते ऐकणं. शास्त्रज्ञ एकच. समोर शंभर असोत की दहा हजार, त्याचा तासभरच जातो. वाढत नाही तो गट.

आपल्या पऱ्हाटीचंच घ्या. गुलाबी बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे लावा, सलग तीन दिवस रोज एका सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले, नाहीतर वीस हिरवी बोंडं फोडून दोनात अळी निघाली, तर फवारणी करा. हे प्रत्येक शेतीशाळेत सांगतात आणि प्रत्येकाला पाठही असतं. मग होतं काय? सापळ्यात तीनच पतंग दिसतात. तेवढ्यात बांधाला बांध असलेला शेजारी पंप पाठीवर घेऊन निघतो. आपल्या पोटात गोळा येतो, आणि संध्याकाळी आपणही कृषी केंद्रावर उभे! माहिती होती हो, धीर नव्हता.

तो धीर झूम देत नाही. वीस जण दर आठवड्याला एका वावरात जमतात, आपापले आकडे मोठ्यानं सांगतात, बोंडं सगळ्यांसमोर फोडतात, तेव्हा तो येतो. अठरा जणांकडे पातळीच्या खाली आकडा असेल तर उरलेले दोघं थांबतात. एखाद्याकडे खरंच डोमकळ्या वाढल्या असतील तर बाकीचे दुसऱ्या दिवशी आपलं वावर तपासतात. 2017 च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हा टळलेली एक फवारणी म्हणजे नुसता औषधाचा पैसा वाचला असं समजू नका.

शेतीशाळेची मूळ कल्पनाही अशीच आहे. 1989 मध्ये इंडोनेशियात भातावरच्या तुडतुड्यांनी हैराण झालेल्या शेतकऱ्यांसाठी एफएओनं ती सुरू केली. पंचवीसेक शेतकरी, पूर्ण हंगाम, दर आठवड्याला शेतातच. पुढे ती देशभर पसरली. जागतिक बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी 2004 मध्ये त्यावर अभ्यास मांडला. त्यात दिसलं की शाळेत बसलेल्यांच्या ज्ञानात थोडी भर पडली, पण त्यांच्याकडून शेजाऱ्यापर्यंत फारसं काही गेलं नाही. म्हणजे 'एक शिकला की गाव शिकेल' हा हिशोब बसत नाही. जो गटात बसेल तोच शिकेल.

शहरातल्या शिकलेल्या लोकांचंही वेगळं नाही बरं का. 2012 च्या सुमारास अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांनी मोफत ऑनलाइन कोर्स काढले. लाखोंनी नावं नोंदवली, पण बहुतेक कोर्स शेवटपर्यंत करणारे शंभरात दहासुद्धा नव्हते. त्यानंतर उद्योजकांचे, व्हिडिओ बनवणाऱ्यांचे जे कोर्स निघाले, त्यांत पुन्हा तुकड्या पाडून शिकवणं आलं. फिरून तिथंच.

मग वाढवायचं कसं? याचं उत्तर बंगळुरूला 2006 च्या सुमारास सुरू झालेल्या डिजिटल ग्रीनच्या कामात सापडतं. त्यांनी शेतकऱ्यांचेच व्हिडिओ केले, पण नुसते पाठवले नाहीत. गावातलाच एक माणूस छोट्या गटाला व्हिडिओ दाखवायचा, मध्येच थांबवायचा, 'तुमच्याकडे हे जमेल का' विचारायचा, आणि नंतर कोणी करून पाहिलं ते लिहून ठेवायचा. सगळा जीव त्या थांबवणाऱ्या माणसात आहे. आपल्याकडे तो गटप्रमुख असतो. पहिल्या वर्षी हौसेनं करतो, दुसऱ्या वर्षी स्वतःची डवरणी सोडून पळतो, तिसऱ्या वर्षी फोन उचलत नाही. त्याला दोष देता येत नाही. शास्त्रज्ञाला मानधन, ऑपरेटरला पगार, आणि याला फक्त टाळ्या.

आणखी एक. झूम संध्याकाळी, आणि त्या वेळी बाया चुलीपाशी. निंदणी त्यांची, वेचणी त्यांची, किडकं बोंड आधी त्यांच्याच हाताला लागतं, आणि मोबाईल नवऱ्याच्या खिशात! महिला गटांची वेळ महिलांनाच ठरवू द्या.

म्हणून राज्यभर नेणाऱ्यांना माझं म्हणणं एवढंच: आज झूमला किती आले हा आकडा सांगू नका. हंगामाच्या शेवटी सापळ्याची वही किती गटांकडे पूर्ण भरलेली आहे, तो सांगा. नवा तालुका घ्यायच्या आधी जुन्या तालुक्यातल्या दोन हंगाम काढलेल्या गटप्रमुखांना पगारी प्रशिक्षक करा, आणि एकेकाकडे झेपतील तेवढेच गट द्या.

किती झेपतील? माझा अंदाज आठवड्याला पाच, त्यातही रस्ता बरा असेल तर. या पेजवर कृषी सहायक आणि विद्यापीठातले बरेच जण आहेत. तुम्ही प्रत्यक्ष किती गट सांभाळले आणि कितव्या गटानंतर वावरात जाणं सुटलं, ते खाली लिहा.