शेफच कशाला हवा?



‘टीव्हीवर स्वयंपाक शिकवायला प्रशिक्षित शेफच हवा’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत पटले नाही. मधुर जाफरी मूळच्या अभिनेत्री. लंडनला नाट्यशिक्षण घेताना तिथल्या बेचव जेवणाला कंटाळल्या आणि दिल्लीहून आईने पत्रांतून धाडलेल्या कृती वाचून रांधायला शिकल्या. ‘शेक्सपिअर वाला’ या चित्रपटासाठी १९६५ मध्ये बर्लिन महोत्सवात पारितोषिक मिळवणाऱ्या याच बाईंनी १९८२ मध्ये बीबीसीवरून ब्रिटिशांना भारतीय स्वयंपाक शिकवला. मसाला कधीपर्यंत परतायचा, हे ज्याला पत्रातून उमगून घ्यावे लागले, त्याला नवख्याची अडचण कळते. मुरलेले शेफ ‘मीठ अंदाजाने’ म्हणून मोकळे होतात! प्रमाण चुकले तर हौशी सूत्रसंचालकांना जरूर झोडपा. प्रमाणपत्र मात्र मागू नका.

– एक वाचक, पुणे